दहा पाऊणे साडेसात

माझ्या मुलीने पहिल्यांदा समुद्र काढला तेव्हा त्याला चार कोपरे होते आणि एका बाजूला शिडी होती.

घरी आम्ही तिला चिमी म्हणतो. तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. आम्ही डेन्व्हरला राहतो. अमेरिकेचा नकाशा उघडा आणि डेन्व्हरवर बोट ठेवा. कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. पुस्तकातले मासे आणि आमच्या सोसायटीतला स्विमिंग पूल, एवढंच तिने पाहिलं होतं. म्हणून तिने दोन्ही जोडून समुद्र केला. निळा चौकोन, आत तीन मासे, आणि बाहेर यायला शिडी.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही आईला फोन लावतो. हिवाळ्यात आमचे संध्याकाळचे सात म्हणजे तिचे रविवारी सकाळचे साडेसात. माझी आई मुरूडला राहते. मुंबईजवळचं जंजिऱ्याचं मुरूड नाही, दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. चिमीने चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आणि ही शिडी कशाला गं?" आईने विचारलं.

"बाहेर यायला."

आई हसली. मग म्हणाली, "बरं. जेवलीस का?" चिमी "हो" म्हणाली आणि पळाली. आमचा फोन तेव्हा असाच असायचा. जेवलीस का, शाळा कशी आहे, थंडी आहे का, बरं ठेवते. चार मिनिटं. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, पण बोलायला विषय नव्हता. आजीला अमेरिकेतली शाळा माहीत नाही आणि नातीला मुरूड माहीत नाही. ती दीड वर्षाची असताना एकदा गेली होती, ते तिला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी मी चिमीला सांगितली नव्हती. माझे बाबा एसटीत होते. निवृत्त झाल्यावर आई-बाबा रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आणि त्यानंतर आई एकदाही समुद्रावर गेली नाही. घरात लाटांचा आवाज येतो. तरी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता काय बघायचंय तिथे?" पुढे विचारायचं मला धाडस झालं नाही.

ते शिडीचं चित्र फ्रिजवर लावलं आणि मला वाईट वाटलं. मी समुद्राकाठी वाढलो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. भूगोलाच्या पुस्तकातली भरती-ओहोटी मला वाचायची गरजच पडली नाही, ती खिडकीतून दिसायची. आता मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून इंग्रजीत बोलतो, आणि माझ्या मुलीच्या समुद्राला शिडी आहे! ठरवलं, तिकीट काढणं जमेल तेव्हा जमेल, तोवर जेवढा समुद्र घरात आणता येईल तेवढा आणायचा.

पहिला प्रयोग फसला. तुम्ही कदाचित हा प्रयोग शाळेत केला असेल: साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. मला वाटलं, आपण अगदी खरा समुद्र करू. शाळेत पाठ केलं होतं की समुद्राची क्षारता दर हजारी ३५ असते. क्षारता म्हणजे खारेपणा. म्हणजे साधारण एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. मी वजनकाट्यावर मीठ मोजलं, दोन मोठे चमचे भरले. ढवळलं. दोन्ही मुलं खुर्चीवर उभी राहून बघत होती. चिमीने अंडं हळूच सोडलं.

अंडं सरळ तळाला गेलं.

"बाबा, समुद्र मोडला," धाकटा म्हणाला. तो तीन वर्षांचा आहे. त्याच्या मते जे चालत नाही ते मोडलेलं असतं.

मी मीठ टाकत गेलो. तीन चमचे, चार, पाच. सातव्या चमच्याला अंडं किंचित हललं. आठव्याला वर आलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताजं अंडं खऱ्या समुद्रातही बुडतंच! समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, पण थोडंसंच. अंडं तरंगवायला त्याच्या तिप्पट-चौपट खारं पाणी लागतं. इस्रायल आणि जॉर्डनच्या मधल्या मृत समुद्रात ते सहज तरंगेल, कारण तो साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारा आहे. शाळेत आम्हाला कोणी चमचे मोजायला सांगितलं नव्हतं. "मीठ घाला" म्हटलं, आम्ही मूठभर घातलं, अंडं वर आलं, टाळ्या. मी पस्तिशीत येऊन, स्वयंपाकघरात, तीन वर्षांच्या मुलामुळे हे शिकलो.

त्या पाण्याचं काय करायचं? चिमी म्हणाली, सिंकमध्ये टाकू. मी म्हटलं, थांब, मिठागर करू. मिठागर म्हणजे समुद्राचं पाणी वाफ्यात अडवून, उन्हात वाळवून मीठ काढायची जागा. आम्ही एका काळ्या ट्रेमध्ये ते पाणी पातळ ओतलं आणि खिडकीत ठेवलं. डेन्व्हरची हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटतात आणि नाकातून रक्त येतं. पण मिठागराला ती फार चांगली. चौथ्या दिवशी ट्रेमध्ये नुसतं मीठ होतं. बारीक नाही, छोटे छोटे चौकोनी खडे. भिंगातून चिमीने पाहिलं आणि ओरडली, "त्याला कॉर्नर्स आहेत!" तिच्या समुद्राला कोपरे होते ते अगदीच चूक नव्हतं म्हणायचं.

त्या शनिवारी तिने ट्रे आजीला दाखवला. आई म्हणाली, "आमच्याकडे पावसाळ्यात उलटं होतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं." चिमीला ते खोटं वाटलं. मीठ आपोआप ओलं कसं होईल? आईने तिला बरणी आणून दाखवली, पण ते हिवाळ्याचे दिवस होते, मीठ कोरडंच होतं. "जूनमध्ये दाखवते," आई म्हणाली. त्या दिवशी फोन नऊ मिनिटं चालला. मी घड्याळ बघत होतो, खोटं कशाला बोलू?

नंतरचा खेळ मला सगळ्यात आवडतो, आणि तो तुम्ही आजच करू शकता. मोठा कागद आणि पेन्सिल एवढंच लागतं. आम्ही ब्राउन पेपर जमिनीवर पसरला, चिमी त्यावर झोपली आणि मी तिच्याभोवती रेघ काढली. डोक्यापासून पायापर्यंत ती १०९ सेंटिमीटर भरली. मग ठरवलं: एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. डोक्याचा वरचा भाग म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग, जिथे लाटा असतात. प्रशांत महासागरात चॅलेंजर डीप नावाची जागा आहे, पृथ्वीवरची सगळ्यात खोल. ती सुमारे १०,९०० मीटर खोल आहे. आमच्या मापाने १०९ सेंटिमीटर. म्हणजे जगातला सगळ्यात खोल समुद्र बरोबर चिमीएवढा! हा योगायोग होता. एक महिन्याने ती अर्धा सेंटिमीटर वाढली आणि योगायोग संपला.

मग आम्ही खुणा केल्या. झाडं वाढू शकतील एवढा सूर्यप्रकाश साधारण २०० मीटरपर्यंतच पोचतो. म्हणजे फक्त दोन सेंटिमीटर, तिच्या केसांतच संपला. हजार मीटरवर, तिच्या कपाळाच्या खाली, पूर्ण अंधार. जगातल्या समुद्रांची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे, ती आली तिच्या छातीवर. आणि पायापासून माउंट एव्हरेस्ट उभा केला तर? ८,८४९ मीटर, म्हणजे साधारण साडेअठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. त्याचं टोक तिच्या हनुवटीपाशी आलं. वर वीस सेंटिमीटर पाणी उरलंच. शेवटी मी विचारलं, "आपलं डेन्व्हर कुठे?" डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंच आहे, बरोबर एक मैल. चिमीने डोक्याच्या वर सोळा सेंटिमीटर मोजले आणि तिथे छोटं घर काढलं.

आईने कागद बघितला आणि विचारलं, "यात आपलं मुरूड कुठे?"

कोकणासमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून आत गेलं तरी तळ २०० मीटरच्या आत असतो. भूगोलाच्या पुस्तकात याला 'समुद्रबूड जमीन' म्हणायचे. हा शब्द मला अजून आवडतो, कारण तो ऐकूनच कळतो: समुद्रात बुडालेली जमीन. मी आईला सांगितलं, आपला सगळा समुद्र या पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये.

"म्हणजे आमचा समुद्र तुझ्या केसांत अडकलाय," आई चिमीला म्हणाली. चिमीने लगेच केस झटकले.

मी रविवारी तुमच्यासारख्याच मुलांना ऑनलाइन मराठी शिकवतो. हा कागद मी वर्गातही दाखवला. वर्गात अबुधाबीचा एक मुलगा आहे. तो दर शुक्रवारी समुद्रावर जातो. पाणी मागे जातं आणि मग चालायला जास्त जागा मिळते, हे त्याने नीट सांगितलं. पण त्याला 'ओहोटी' हा शब्द माहीत नव्हता. चिमीचं उलटं. तिला आजीमुळे ओहोटी शब्द माहीत होता, पण ओहोटी तिने पाहिली नव्हती. मी दोघांनाही तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला. तुम्हीही म्हणा. ओ-हो-टी. पाणी मागे सरकल्यासारखं वाटतं की नाही? पाणी पुढे येतं ती भरती.

फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही डायनोसॉर रिजला गेलो. डेन्व्हरच्या पश्चिमेला मॉरिसन नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ हा डोंगर. तिथे खडकावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, म्हणून मुलं येतात. ठसे छान आहेत. पण मी थबकलो ते दुसऱ्याच खडकापुढे. तिरपा, मोठा, राखाडी खडक. त्यावर बारीक बारीक लाटा होत्या. खडकावर! एकाशेजारी एक, हजारो वळ्या, जशा पाणी उतरल्यावर ओल्या वाळूवर उमटतात.

साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकिनारा होता. उत्तर अमेरिकेच्या मधोमध उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एक समुद्र पसरला होता. तो आटला, वाळूचा दगड झाला, मग डोंगर वर उचलले गेले आणि किनारा असा तिरका उभा राहिला. मी दहा वर्षं या गावात राहून समुद्र लांब आहे म्हणून कुरकुरत होतो, आणि समुद्राची वाळू माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होती.

मी फोटो काढून आईला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. सकाळी उठल्यावर तिचा मेसेज आला होता. "ओहोटीची वाळू. कुठली आहे? हर्णैची वाटत नाही."

शनिवारी मी तिला सगळं सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग चिमीने विचारलं, "आजी, तिथे ओहोटी झाली. मग भरती कधी?"

"तिथे आता नाही यायची बाळा," आई म्हणाली.

"मग तुझ्याकडे? तुझ्याकडे आज भरती किती वाजता?"

आईला पटकन सांगता आलं नाही. पूर्वी आली असती. मी मदत करायला म्हणून लॅपटॉप उघडला, इंटरनेटवर भरतीचं वेळापत्रक असतं. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब रे. तुझे बाबा पाऊणकीने सांगायचे."

बाबा गेल्यापासून त्यांचा विषय तिने आपणहून काढला नव्हता.

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. पूर्वीच्या मराठी शाळांत पूर्ण आकड्यांसारखे अपूर्णांकांचेही पाढे असायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. पाव म्हणजे एक चतुर्थांश, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश. माझ्या वेळी ते शाळेत नव्हते, पण बाबांना यायचे. मला एकदम आठवलं. जेवताना बाबा विचारायचे, "आज तिथी काय?" मी कालनिर्णयकडे बघून सांगायचो, "पंचमी." "मग?" "पाच पाऊणे पावणेचार." पावणेचार म्हणजे ३:४५. त्या दिवशी पावणेचारला भरती. मला ते नुसतं गंमत म्हणून पाठ होतं आणि मी ते विसरून गेलो होतो.

नियम एवढाच: त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मराठी महिन्यात चंद्र वाढतो ते पंधरा दिवस आणि कमी होतो ते पंधरा दिवस, आणि तिथी चंद्रावरूनच ठरते. भरतीही मुख्यतः चंद्रामुळे येते. म्हणून हा हिशोब जमतो.

चिमीला हे सगळं सांगायला आम्हाला आठवडा लागला. चंद्राचं आम्ही ओढणीने केलं. चिमी मध्ये उभी, ती पृथ्वी. तिच्याभोवती तिच्या आईची लांब ओढणी गोल धरली आणि दोन बाजूंनी ताणली, अंड्यासारखी लांबट. ओढणी म्हणजे पाणी. एका टोकाला धाकटा हातात पांढरा चेंडू घेऊन उभा, तो चंद्र. चंद्र जवळचं पाणी ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला फुगवटा. पलीकडच्या बाजूला पण फुगवटा, कारण तिथलं पाणी चंद्रापासून सगळ्यात लांब, ते कमी ओढलं जातं आणि मागे राहतं. चिमी स्वतःभोवती गोल फिरली की तिच्यासमोर दोनदा फुगवटा येतो. म्हणून दिवसात दोन भरत्या.

आता चंद्राने जागेवर उभं राहायला हवं होतं. पण तो तीन वर्षांचा चंद्र. चिमी एक फेरी पूर्ण करेपर्यंत हा दोन पावलं पुढे सरकलेला. "बाबा, तो हलतोय! मला आणखी फिरावं लागतंय!" चिमीने तक्रार केली. मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. खरा चंद्रही असाच सरकतो. म्हणून भरती रोज त्याच वेळी येत नाही, दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पाऊणकीत ती पाऊण तास धरलेली आहे. पाच मिनिटांचा फरक बाबांनी सोडून दिला होता, किंवा ज्यांनी त्यांना शिकवलं त्या हर्णैच्या खलाशांनी.

पाढ्यासाठी नाणी काढली. अमेरिकेत २५ सेंटच्या नाण्याला क्वार्टर म्हणतात, म्हणजे पाव. तीन क्वार्टर म्हणजे पाऊण. प्रत्येक तिथीला तीन नाणी. चार नाण्यांची एक चळत म्हणजे एक तास. चिमीला भागाकार येत नाही, पण चळती रचता येतात. चतुर्थीला बारा नाणी, तीन चळती, तीन वाजता. अष्टमीला चोवीस नाणी, सहा चळती, सहा वाजता. नाणी कमी पडली तेव्हा कपडे धुण्याच्या मशीनसाठी ठेवलेला डबा आणला. तो महिना आमच्या घरात कुणाला कपडे धुवायला सुटे पैसे मिळाले नाहीत.

पुढच्या शनिवारी सकाळी चिमीने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवायला सांगितलं. मुरूडला रविवार होणार होता, म्हणून रविवारचा चौकोन बघितला. दशमी. तिने तीस नाणी मोजली. सात चळती झाल्या आणि दोन नाणी उरली.

"सात आणि अर्धा."

"त्याला काय म्हणायचं?"

"साडेसात. दहा पाऊणे साडेसात." मग तिचे डोळे मोठे झाले. "बाबा, आपण आजीला साडेसातलाच फोन करतो!"

तिने मला तेव्हाच मेसेज पाठवायला लावला. मी बोलून टाइप केला, ती सांगेल तसा: आजी, उद्या तुझी भरती साडेसातला आहे, बघून सांग बरोबर आहे का. आईकडे तेव्हा रात्र होती. उत्तर आलं नाही. मला धाकधूक वाटली. मुलीला काय माहीत आजी तिथे का जात नाही? आणि मी हे मुद्दाम केलं असं आईला वाटलं तर? थोडं मुद्दाम होतंही.

सात वाजता फोन लावला. लगेच उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा चित्र आलं, पण मागे नेहमीची भिंत नव्हती, बाबांचं घड्याळ नव्हतं. आधी नुसतं आकाश दिसलं, मग सुरूच्या झाडांचे शेंडे, मग आईचा चेहरा. वाऱ्याने तिचा पदर उडत होता. एका हातात चपला होत्या.

"ऐकू येतंय का?" ती ओरडत होती. "इथे रेंज बरी आहे."

चिमीने माझ्या हातातून फोन घेतला. "आजी, पाणी कुठे आहे?"

आईने फोन फिरवला. समोर समुद्र होता, करडा, सकाळचा. चिमी काही बोलली नाही. आई पुळणीवरून चालत गेली. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. मग तिने फोन खाली, पायांकडे धरला. "ही ओली रेघ दिसते का? भरती इथवर येऊन गेली. आता थोडी उतरायला लागलीये."

"किती वाजता आली?"

"मी यायच्या आधीच. अर्धा तास झाला असेल."

चिमीने नाण्यांकडे बघितलं. "म्हणजे आजोबांचं मॅथ चुकलं?"

"चुकलं नाही गं. हे म्हणायचे, पाऊणकी फक्त घरातून कधी निघायचं ते सांगते. पुढचं तिथे जाऊन बघायचं." आई क्षणभर थांबली. लाटेचा आवाज आला. "मीच उशिरा निघाले."

मी काही बोललो नाही. चिमी आणखी तीन नाणी काढून चळती रचत होती. "उद्या अकरा. तेहतीस. आठ, आणि एक उरलं. आजी, उद्या सव्वाआठ. पण तू लवकर जा. साडेसातलाच जा."

"उद्या एकादशी," आई म्हणाली. "उपास. सकाळचा स्वयंपाक नाही. जाते."

मग धाकट्याने फोन मागितला. त्याला लाटा मोजायच्या होत्या. आईने फोन समुद्राकडे धरून ठेवला आणि तो मोजत राहिला. त्याला बारापर्यंत येतं. बारा झाले की तो पुन्हा एकपासून सुरू करतो. आईच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत तो मोजत होता.